रिकाम्या गाडीचं वजन

आमच्या कासारवाडीच्या घरात आता काचेचा वजनकाटा आहे. पाय ठेवला की निळे आकडे उजळतात आणि ग्रॅमपर्यंतचं वजन समोर येतं. नवऱ्याने हौसेने आणला. मी सकाळी त्याच्यावर उभी राहते, आकडा वाचते आणि दर वेळी मनात येतं की काकींनी ह्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. "ह्या ताटलीवर मानूस तोलत्यात व्हय? भाजी तोल त्याच्यावर," असं म्हणाल्या असत्या.

काकी म्हणजे चाकणच्या आमच्या घरमालकीण. तळेगावकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांच्या घरचा ट्रक तोलायचा काटा होता आणि त्याच्यामागे पत्र्याच्या खोल्यांची रांग. जमीन कंपन्यांत गेली, रस्त्याकडेची पट्टी तेवढी राहिली, तिच्यावर घरच्यांनी हे दोन धंदे उभे केले. खोल्यांमध्ये आम्ही बाहेरची माणसं. माझा नवरा कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेस शॉपला होता, मी वायरिंगच्या लाइनवर. लग्न होऊन महिना झाला नव्हता, तेव्हा आम्ही तिथे राहायला गेलो.

काकी दिवसभर काट्याच्या केबिनमध्ये बसायच्या. नऊवारी लुगडं, जाड भिंगाचा चष्मा, आणि अंग एवढं भरलेलं की केबिनच्या दारातून आडवं होऊनच आत जावं लागे. एकदा बसल्या की जेवायच्या वेळेपर्यंत उठायच्या नाहीत. हनुवटीवर राठ केस यायचे, ते त्या खिडकीच्या काचेत बघून चिमट्याने उपटायच्या. बाहेर ट्रकवाला हॉर्न वाजवत असला तरी घाई नाही. "थांब रं, नटू दे मला," म्हणायच्या. तो बिचारा बिहारचा, त्याला काय कळणार, तो आणखी जोरात हॉर्न मारायचा.

माणसांची नावं त्यांच्या डोक्यात राहत नसत, किंवा त्यांना ती ठेवायची नसत. ट्रक नंबरप्लेटवरून ओळखायच्या. "हरयाणा, पीछे लेव." "तमिळनाडूला पावती दे गं धाकटे." भाडेकरूंनाही तोच न्याय. शेजारची परभणी, कोपऱ्यातली खामगाव आणि मी लातूर. "लातूर, पानी आलंय, भर लवकर." माझं नाव त्यांना माहीत होतं की नाही, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

काट्यावर मात्र त्यांची भक्ती होती. देवापेक्षाही जास्त, असं मी म्हणेन, कारण देवाशी त्या भांडायच्या आणि काट्याशी कधीच नाही. एकदा एक भंगारवाला वजन कमी दाखवलं म्हणून अंगावर आला. काकी शांतपणे म्हणाल्या, "तू खोटं बोलशील, मी बी बोलंल. काटा न्हाई बोलत." तो शिव्या देत निघून गेला आणि त्या पुन्हा चिमटा घेऊन काचेकडे वळल्या.

काट्याचं काम सोपं असतं. आधी रिकामी गाडी तोलायची, मग भरलेली. जो फरक येईल तो माल. काकींनी हेच काम खोल्यांवरच्या बायकांना लावलं होतं. नवी नवरी राहायला आली की टेम्पोतून सामान उतरायच्या आधी तिला काट्यावर उभी करायच्या. मलाही केली. अख्खा ट्रक मावेल एवढी ती लोखंडी फळी, तिच्या मधोमध हातात हिरवा चुडा घालून मी एकटी, आणि रस्त्याने जाणारे रिक्षावाले मान वळवून बघताहेत. केबिनवरच्या लाल आकड्यांत सत्तर उमटलं. तो काटा दहा-दहानेच पुढे सरकायचा, त्याच्या आतलं त्याला समजत नसे.

"सत्तर," काकी खिडकीतून ओरडल्या. "ध्यानात ठिवलं. आता भरून ये."

मला हसू आलं. नवरा लाजून टेम्पोच्या मागे गेला.

"पावती नाही का काकी?" मी विचारलं.

"मानसाची पावती फाडत न्हाईत."

परभणीने नंतर मला सगळी रीत समजावली. बाईला दिवस गेले की शेवटच्या महिन्यांत तिला पुन्हा उभी करतात. पोटुशी बाईचं वजन दहाने वाढतंच, आणि तेवढं ह्या काट्याला कळतं. परभणी स्वतः साठची सत्तर झाली होती आणि तिला मुलगा झाला होता. खामगावचंही तसंच झालं होतं. काकींना सगळ्यांचे आकडे तोंडपाठ. कोण किती रिकामी होती आणि किती भरली, हे त्या कुठेही न लिहिता वर्षानुवर्षं सांगू शकायच्या.

स्वतः काकींना मूल नव्हतं. ज्या धाकटीला त्या पावती द्यायला सांगत ती त्यांची सख्खी बहीण आणि सवतही. "मीच आनली तिला," काकी भाकरी मोडता मोडता मला म्हणाल्या होत्या. "मला वर्साकाठी दोनदा पाळी यायची, कवा तेवढी बी न्हाई. अंग मातर फुगत चाललं. सासू म्हनली, दुसरी करू. म्या म्हनलं, परकी आली तर मला घरात जागा न्हाई ऱ्हायची. बापाच्या पायावर डोकं ठिवलं आन् हिला मागून आनली." धाकटी तिथेच बसून कांदा चिरत होती. तिने मान वर केली नाही. तिचे दोन मुलगे काकींना मोठी आई म्हणत, आणि काटा त्या मुलांच्याच नावावर होता.

मूल व्हावं म्हणून काकींनी तरुणपणापासून उपास धरले. सोमवार, संकष्टी, एकादशी, शिवाय नवरात्रातले सगळे. धाकटीला मुलगे झाले तरी काकींनी उपास सोडले नाहीत, पन्नाशी उलटली तरी नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "आता सवय झालीय." उपासाच्या दिवशी पहाटेच त्यांच्या चुलीवर साबुदाण्याची खिचडी व्हायची. दाण्याचं कूट सढळ, तूप त्याहून सढळ, वर रताळ्याचा कीस आणि दाण्याचा लाडू. एवढं खाऊन त्या केबिनमध्ये बसल्या की दिवसभर बसलेल्याच.

लग्नाला वर्ष झालं, दुसरं सुरू झालं, आणि माझी काही बातमी नाही. औशाहून सासूबाईंचा फोन दर रविवारी यायचा. आधी विचारायच्या, "काय विशेष?" मग नुसतं "काय?" विचारायला लागल्या. मला मूल हवं होतं. सासूबाईंसाठी नाही, लोकांसाठी नाही, मला स्वतःला हवं होतं, आणि ते मी कुणापाशी बोलत नव्हते. माझी पाळी कॉलेजपासूनच मनाला येईल तेव्हा यायची. आई म्हणायची, लग्न झालं की होईल सगळं सुरळीत.

काकींनी मात्र न सांगता ओळखलं. "सोमवार धर," म्हणाल्या. "आन् संकष्टी. माझ्यासंगं धर. माझं ऐकलं न्हाई देवानं, तुझं ऐकंल." त्या दिवसापासून उपासाच्या पहाटे, कंपनीची बस यायच्या आधी, काकी स्वतः ताट घेऊन माझ्या दारात. ज्या बाईला केबिनमधून उठायचा कंटाळा, ती धापा टाकत खोल्यांच्या टोकापर्यंत यायची. ताटावर ताट झाकलेलं, आत खिचडीचा डोंगर, कडेला दही. मी संपवेपर्यंत दारात उभ्या राहायच्या. एवढ्या मायेने मला सासरी कुणी वाढलं नव्हतं. मी शेवटच्या दाण्यापर्यंत खायचे.

मग तो दिवाळीनंतरचा माझ्या सुट्टीचा दिवस. माझी पाळी दोन-तीन महिने आली नव्हती आणि पोट फुगल्यासारखं वाटत होतं. मी काकींना एवढंच म्हटलं की चुकलीय. शेवटच्या महिन्यांची वाट न बघता त्यांनी मला हाताला धरून काट्यावर नेलं, स्वतः केबिनमध्ये गेल्या, आणि वर ऐंशी उमटलं.

काकी बाहेर आल्या. पदर डोक्यावरून घसरलेला, चष्मा वर केलेला. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि कानशिलाशी बोटं कडाकडा मोडली. मागे गाड्यांची रांग लागली होती. पहिल्याच ट्रकच्या ड्रायव्हरला त्या ओरडून म्हणाल्या, "अरे हरयाणा, हमारे लातूर को दिन गया है!" तो बिचारा खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "अच्छा है माताजी, गाडी लगाऊं?"

"काकी, अजून बघितलं नाही मी," मी म्हणत होते.

"काय बघायचंय? काटा बघितला ना?"

संध्याकाळपर्यंत सगळ्या खोल्यांत पेढे पोचले. नवरा सकाळची पाळी करून आला तर गेटवरच त्याला परभणीच्या नवऱ्याने मिठी मारली. त्याने तिथूनच औशाला फोन लावला. मी औषधाच्या दुकानातून पट्टी आणून बघितली तेव्हा घरात पेढ्याचे दोन पुडे होते आणि सासूबाईंनी देवीला नारळ वाढवलेला होता. पट्टीवर एकच रेघ आली. सकाळी दुसरी पट्टी आणली. पुन्हा एकच. नवरा पलंगाच्या कडेला बसून राहिला. मग म्हणाला, "आईला तू सांगतेस का मी सांगू?" मी सांगितलं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "बरं." त्यानंतर रविवारचे फोन थांबले, आणि ते मला विचारण्यापेक्षा जास्त लागलं.

भोसरीच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी करून पीसीओडी सांगितलं. अंडं वेळेवर तयार होत नाही म्हणून पाळी येत नाही, वजन वाढतं, वाढलेल्या वजनाने त्रास आणखी वाढतो. वजन थोडं उतरवलं तरी फरक पडू शकतो, म्हणाल्या, आणि मला त्यांच्याच दवाखान्यातल्या आहाराच्या मॅडमकडे जायची वेळ दिली.

"मी बी येनार," काकी म्हणाल्या.

"तुम्ही कशाला काकी?"

"दहा किलो चढलं ते चढलं. त्यात काटा खोटा न्हाई. मंग ते हाय तरी कशाचं, त्ये मला तिच्या तोंडून ऐकायचंय."

आहाराच्या मॅडम म्हणजे पंचविशीची पोरगी, बारीक, बोलायला गोड. काकी तिच्यासमोरच्या खुर्चीत मावेनात, म्हणून तिने त्यांना बाकावर बसवलं. मग मला सगळं विचारलं. सकाळी काय, कॅन्टीनला काय, रात्रपाळीला काय. कंपनीच्या मशिनचा गोड चहा किती. मी सांगत गेले. भात, बटाट्याचा रस्सा, पाळी सुटल्यावर गेटबाहेरचा वडापाव. ती मान हलवत होती.

"उपास करता?"

"करती की," काकी बाकावरून म्हणाल्या. त्यांचा चेहरा खुलला होता. "सोमवार, संकष्टी. म्या करून घालते. साबुदाना, रताळं, दान्याचा लाडू. उपाशी न्हाई ठिवत मी तिला."

मॅडम हसली. "काकू, ते आधी बंद करायचं. साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च. त्यात बटाटा, रताळं, एवढं तूप, एवढे दाणे. ह्या आजारात ते खाऊन वजन वाढतंच. उपास करायचाच असेल तर ताक, फळ, थोडी भगर घ्या. नाहीतर सरळ ज्वारीची भाकरी, उसळ, पालेभाजी, काकडी. आणि चालणं."

काकींचं हसू जागच्या जागी राहिलं. मग त्यांनी विचारलं, "ह्या आजारात पाळी वर्साकाठी दोनदा येती का?"

"येऊ शकते."

"हनुवटीला केस येत्यात?"

मॅडमने आता त्यांच्याकडे नीट पाहिलं. हनुवटीकडे, मानेवरच्या काळ्या वळ्यांकडे. "येतात," ती हळू म्हणाली.

"म्हंजी माझं बी ह्येच व्हतं."

"असू शकेल काकू. तपासल्याशिवाय नाही सांगता येत. आणि खाण्यामुळेच मूल झालं नाही, असं काही म्हणता येणार नाही. तुमची काही चूक नाही त्यात."

"पर खान्यामुळं न्हाई, असं बी म्हनता येनार न्हाई ना?"

ती पोरगी चांगली होती. तिने खोटं सांगितलं नाही, कागदावर माझा आहार लिहायला घेतला.

परतताना आमची बस मोशीच्या पुढे कोंडीत अडकली. काकी खिडकीशी बसल्या होत्या, बाहेर ट्रकच ट्रक. त्यांनी एकाही ट्रकचा नंबर वाचला नाही. काचेकडे बघतच म्हणाल्या, "सोमवारी पोट मारून ऱ्हायले असते नुसत्या पान्यावर, तरी चाललं असतं गं. पर सासू म्हनायची, उपास मोडू नये म्हनून पोटभर खा." मग म्हणाल्या, "एका हातानं देवाकडं पोर मागत व्हते. आन् दुसऱ्या हातानं काय भरत बसले मी, लातूर?"

मी त्यांचा हात धरला. तो हात गार होता आणि जड होता.

मला वाटलं आता काकी उपास सोडतील. नाही सोडले. पुढच्या सोमवारी पहाटे मी जागी झाले ती जिऱ्याच्या फोडणीच्या वासाने. कूट भाजल्याचा वास, तुपाचा वास, सगळं नेहमीसारखं. मी दार उघडून उभी राहिले. ताट आलं नाही. पुन्हा कधीच आलं नाही. एकदा मी धीर करून विचारलं, "काकी, तुम्ही तरी कशाला खाता आता?"

"मला आता काय व्हायचं ऱ्हायलंय?" त्या म्हणाल्या. "सोडलं तर इतकी वर्सं येड्यासारखी खाल्ली, असं व्हईल. मी खाते. तू खाऊ नको." आणि खिडकी ओढून घेतली.

मी नाही खाल्लं. डबा घेऊन जायला लागले. दोन भाकऱ्या, मटकीची उसळ, मेथी, काकडी. कॅन्टीनमध्ये सगळ्या भाताच्या रांगेत आणि मी कोपऱ्यात माझा डबा उघडून. "हिरॉईन व्हायचंय काय?" लाइनवरच्या मुली विचारायच्या. बोनसच्या दिवशी जिलबी आली, मी ताट पुढे सरकवून दिलं. रात्रपाळीच्या आठवड्यात सगळं विस्कटायचं. पहाटे भूक अनावर व्हायची, सकाळी झोप यायची नाही, उतरलेलं वजन दोन आठवड्यांत परत चढायचं. पाळी सुटली की बसने न येता चालत यायचे, ट्रकच्या धुरात, नाकाला ओढणी बांधून. रडायला येई तेव्हा चालता चालताच रडून घ्यायचे, खोलीवर नवऱ्यासमोर नको म्हणून. तो वाईट माणूस नव्हता. तो फक्त बोलायचा बंद झाला होता.

वर्ष उलटून गेलं आणि हळूहळू वजन उतरलं. चुडीदार सैल झाले. पाळी दर महिन्याला यायला लागली. डॉक्टरीणबाई खूश, आहाराच्या मॅडमने तर टाळ्या वाजवल्या. लाइनवरच्या मुली कानात विचारायच्या, काय खातेस गं. फक्त दिवस राहत नव्हते. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, सगळ्यांचं एकाच वेळी होत नाही, धीर धरा. आधी पाळी यायची नाही तेव्हा निदान काही दिवस आशेवर काढता यायचे. आता ती महिन्याच्या महिन्याला येऊन नाही म्हणून सांगून जायची. बरी झाले होते म्हणे मी. बरं होणं एवढं वाईट असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

नवऱ्याला पिंपरीला काम मिळालं आणि आम्ही कासारवाडीला खोली घेतली. निघायच्या दिवशी टेम्पोत सामान चढवून झालं. मी काकींचा निरोप घ्यायला केबिनपाशी गेले. दवाखान्यातून आल्यापासून त्यांनी मला एकदाही काट्यावर उभी केली नव्हती. दुसऱ्या कुणालाही नाही. नव्या नवऱ्या येत होत्या, सामान उतरवत होत्या, आणि काकी खिडकीतून नुसत्या बघत होत्या.

"काकी, येते," मी म्हटलं.

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "किती वाळलीस गं," म्हणाल्या. मग काय मनात आलं कोण जाणे, हाताने काटा दाखवला. "हुबी ऱ्हा."

मी जाऊन उभी राहिले. तीच लोखंडी फळी, तेच रिक्षावाले. वर लाल आकड्यांत सत्तर उमटलं. आले तेव्हा होतं तेवढंच.

टेम्पोजवळून नवऱ्याने तो आकडा बघितला आणि अंगठा वर केला. त्याला खरंच आनंद झाला होता, माझे कष्ट त्याने पाहिले होते. मी केबिनकडे वळले. काकी आकड्यांकडे बघत होत्या. पदराचं टोक त्यांनी तोंडात धरलं होतं आणि त्यांचे खांदे हलत होते. मागे एक ट्रक येऊन थांबला, हॉर्न वाजवायला लागला.

मी खिडकीपाशी गेले. त्यांनी डोळे पुसले, चष्मा लावला आणि माझ्याकडे न बघता धाकटीला हाक मारली.

"धाकटे, पोरास्नी सांग, काट्याला मिस्त्री बोलवाया पाह्यजे," त्या म्हणाल्या. "बिघडलाय. खोटं दावतोय."